डॉक्टर फोनवर, दादा ओसरीवर: स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाचे दुरून उपचार कसे चालवायचे

आमचं गाव बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात. मी छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला कंपनीत. थोरला भाऊ आणि वहिनी गावी. दादा, म्हणजे आमचे वडील, आता ८६ वर्षांचे आहेत. चार वर्षांपूर्वी पोळ्याच्या दिवशी ते रिकाम्या गोठ्यात उभे राहून विचारत होते, "बैलं कुटं गेली रं?" बैल विकून तेव्हा सहा वर्षं झाली होती.

त्यानंतरचं पहिलं वर्ष आम्ही वाया घालवलं. कुणी म्हणालं साठी बुद्धी नाठी, कुणी म्हातारचळ म्हणालं, एकाने देवऋषाचा पत्ताही दिला. या आजाराचं नाव स्मृतिभ्रंश. डॉक्टर डिमेन्शिया म्हणतात आणि अल्झायमर हा त्यातला सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात साठीपुढच्या दर १०० माणसांत ७ पेक्षा थोड्या जास्त जणांना तो आहे. म्हणजे हजार-बाराशे उंबऱ्यांच्या कुठल्याही गावात असे बरेच दादा आणि आक्का असणार. त्यांच्या घरच्यांनी आजाराचं नाव ऐकलेलं नसतं, एवढंच.

तज्ज्ञ डॉक्टर जिल्ह्याच्या किंवा त्याहून मोठ्या गावात बसतात. दर महिन्याला गाडी करून न्यायचं तर दिवस मोडतो, पैसे जातात आणि अनोळखी ठिकाणी माणूस इतका बिथरतो की पुढचे चार दिवस घर डोक्यावर घेतो. म्हणून फोनवरचा उपचार. तो नीट चालतो, पण तो चालवावा लागतो. आम्ही चुका करत शिकलो ते इथे क्रमाने लिहितो.

आधी एकदा प्रत्यक्ष

पहिली तपासणी फोनवर उरकू नका. विसरायला होतंय म्हणजे स्मृतिभ्रंशच असं नसतं. शरीरात बी १२ जीवनसत्त्व कमी असेल, थायरॉईड मंदावलं असेल, रक्तातलं सोडियम उतरलं असेल, मन खचलेलं असेल, तरी माणूस तसाच वागतो. महिन्याभरापूर्वी डोक्यावर पडलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या कवटीत हळूहळू रक्त साठत गेलं असेल तरीही. यातल्या बऱ्याच गोष्टी सुधारता येतात, पण त्या समोर बसवून तपासल्यावर, रक्त तपासून किंवा मेंदूचा स्कॅन काढूनच कळतात. स्क्रीनवर दिसत नाहीत.

तेव्हा एक फेरी माराच. जिल्ह्याचं सिव्हिल हॉस्पिटल, छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय, नांदेड किंवा लातूरचं सरकारी मेडिकल कॉलेज, जे जवळ पडेल तिथे. मेडिसिन किंवा मनोविकार विभागात दाखवा. पाटीवर 'मनोविकार' वाचून आमचा भाऊ दारातूनच मागे फिरला होता, "दादा काय येडे हायेत का?" म्हणून. त्याला चहा पाजून परत आणावं लागलं.

याच फेरीत कान आणि डोळे तपासून घ्या. कानात मळ साठलेला माणूस प्रश्नाला उत्तर देत नाही आणि आपण समजतो आजार वाढला. फोनवर तर ऐकू येणं हेच अर्धं काम.

डॉक्टर स्मरणशक्तीची चाचणी घेतात तेव्हा एक गोष्ट आपण होऊन सांगा: माणूस शाळेत गेलेला आहे का, कितवीपर्यंत आणि कोणत्या भाषेत. आमचे दादा निजामाच्या राज्यात उर्दू तिसरी शिकले. आजही बेरीज उर्दूत करतात. त्यांना "आज तारीख किती" विचारलं की गप्प. "बाजार कवा हाय?" विचारलं की बरोबर सांगत. ज्यांनी जन्मात पेन्सिल धरली नाही त्या आजीला घड्याळाचं चित्र काढायला लावून काही कळत नाही. निरक्षर माणसांना लागू पडेल अशी वेगळी हिंदी चाचणी १९९० च्या दशकात हरियाणातल्या बल्लभगडला तयार झाली ती याचसाठी. चाचणीपेक्षा रोजच्या कामातला बदल जास्त बोलतो. कालवणात दोनदा मीठ पडतं का, धोतर उलटं नेसलं जातं का, वावरातून घरी येताना वाट चुकते का, हे सांगा.

निघताना सगळे रिपोर्ट, स्कॅनचा कागद आणि चालू गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो काढून एका जागी ठेवा. पुढची दोन वर्षं तुम्ही तेच पाठवत राहणार आहात.

डॉक्टरपर्यंत पोहोचायच्या वाटा

पहिली वाट सरकारी आणि फुकट, ई-संजीवनी. ती दोन तऱ्हांनी वापरता येते. एक, स्वतःच्या मोबाइलवर: ॲप किंवा संकेतस्थळ उघडायचं, मोबाइल नंबर टाकायचा, ओटीपी येतो, रुग्णाचं नाव-वय भरायचं, जुने रिपोर्ट जोडायचे, टोकन घ्यायचं आणि नंबर लागला की व्हिडिओ सुरू होतो. शेवटी औषधांची चिठ्ठी मोबाइलवरच येते. ओपीडीच्या वेळा बदलतात, त्या ॲपमध्ये बघून घ्या. दुसरी तऱ्हा मला गावासाठी जास्त बरी वाटते. उपकेंद्रात, ज्याची पाटी आता आयुष्मान आरोग्य मंदिर अशी असते, तिथे समुदाय आरोग्य अधिकारी बसतात. ते त्यांच्या यंत्रावरून मोठ्या डॉक्टरांना जोडून देतात, आधी बीपी-साखर बघतात आणि आपण जे अर्धवट सांगतो ते डॉक्टरांच्या भाषेत नीट मांडतात. हे अधिकारी कोणत्या दिवशी बसतात ते आशाताईंना विचारा, त्यांना ठाऊक असतं.

नोंदणीला नंबर कोणाचा द्यायचा हे आधी ठरवा. आम्ही माझा दिला, ओटीपी वाळूजला आणि माणूस पाटोद्यात. मी शिफ्टमध्ये, मोबाइल लॉकरमध्ये, आणि तिकडे वहिनी उपकेंद्रात दीड तास बसून. नंबर जो माणूस समोर असतो त्याचा द्या.

दुसरी वाट टेलि-मानस, १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन चोवीस तास चालते, मराठीतही बोलतात. रात्री दोनला म्हातारं माणूस दार धडधडवत असेल आणि घरातली बाई रडकुंडीला आली असेल, तेव्हा तिने स्वतःसाठीही हा नंबर लावावा. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही एल्डरलाइनही आहे. हरवलेलं माणूस, घरातला छळ, पेन्शनची अडचण, असल्या कामाला ती.

तिसरी वाट म्हणजे ज्या डॉक्टरांना प्रत्यक्ष दाखवलं त्यांचाच व्हिडिओ कॉल. फी ठरवून घ्या, वेळ ठरवून घ्या. एकच डॉक्टर राहिला तर सगळ्यात उत्तम.

फोनवरच्या उपचाराचे नियम देशात २५ मार्च २०२० पासून आहेत. त्यातली एक तरतूद आपल्या घरांसाठीच आहे असं वाटतं. स्मृतिभ्रंशासारख्या आजारात माणूस स्वतः बोलू शकत नसेल तर सांभाळणारा त्याच्या वतीने डॉक्टरांशी बोलू शकतो. चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक असायला हवा. अमली आणि मनावर परिणाम करणारी काही औषधं फोनवरून लिहायला बंदी आहे, तेव्हा "साहेब, झोपेची एखादी भारी गोळी लिहा" असा आग्रह धरू नका.

बोलणार कोण?

सगळ्यात मोठी चूक आम्ही इथे केली.

पहिले तीन कॉल मी केले. मी शिकलेला, मला इंग्रजी नावं कळतात, म्हणून. डॉक्टरांनी विचारलं, झोप कशी आहे? मी म्हणालो, लागत नाही, रात्रभर उठून हिंडतात. त्यांनी झोपेसाठी एक लहानशी गोळी लिहून दिली. चौथ्या रात्री दादा अंगणात पडले, कपाळाला तीन टाके. हाड मोडलं नाही ही पुण्याई.

मी गावी पोहोचलो तेव्हा वहिनी चुलीपुढून न उठताच म्हणाल्या, "भाऊजी, मामा हिंडत न्हाईत. लघवीला उठत्यात, तीनदा-चारदा. तुमी बीपीची गोळी सांजच्याला द्या म्हनलात ना, तवापासून."

बीपीच्या त्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं. सकाळच्या गडबडीत विसरायला नको म्हणून ती संध्याकाळी द्यायची टूम माझी. डॉक्टरांना हे ठाऊक असायचं कारणच नव्हतं, कारण मलाच ठाऊक नव्हतं. पुढच्या कॉलला फोन वहिनींच्या हातात दिला. डॉक्टरांनी बीपीची गोळी सकाळी घ्यायला सांगितली, झोपेची गोळी बंद केली. दादा रात्री एकदाच उठायला लागले.

फोन मुलाच्या हातात आणि माहिती सुनेच्या पोटात, असं आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक घरात असतं. जो माणूस आंघोळ घालतो, भाकरी कुस्करून देतो, ओली चादर काढतो, तोच डॉक्टरांशी बोलला पाहिजे. परगावचा मुलगा कॉलमध्ये जोडला जाऊ शकतो, पैसे भरू शकतो, औषध शोधू शकतो. बोलण्यात पहिला हक्क त्याचा नाही. सून सासऱ्यासमोर डॉक्टरांशी लघवी-संडासाचं बोलायला लाजत असेल, तर ते आधी व्हॉइस मेसेज करून पाठवता येतं. आमच्या वहिनी आता तसंच करतात.

वही

शंभर पानी साधी वही, दोरीने खुंटीला बांधलेली, तिला पेन्सिलही बांधलेली. आमच्या घरी ती सातवीतली पुतणी लिहिते, वहिनी सांगतात. एक पान असं दिसतं:

"सोमवार. सकाळी दीड भाकरी, रात्री नुसतं दूध. पाणी तीन तांबे. संडास दोन दिवस नाही. रात्री उठले १ वेळा. बीपी १३८/८०, नाडी ६४. संध्याकाळी साडेपाचला मला घरी न्या सुरू झालं. दिवा लावला, चहा दिला, थांबलं. नवीन: डावा पाय ओढत चालतात?"

एवढंच. शेवटचं प्रश्नचिन्ह पोरीने स्वतःहून टाकलं होतं, आणि डॉक्टरांनी सगळ्यात आधी तेच विचारलं.

"चिडचिड करतात" असं लिहू नका. किती वाजता, कशावरून, आधी काय झालं होतं आणि कशाने थांबलं, हे लिहा. डॉक्टरांकडे दहा मिनिटं असतात. "आजकाल लई तरास देतात" यातून त्यांच्या हाती काही लागत नाही.

यंत्रं फार लागत नाहीत. दंडाला बांधायचं डिजिटल बीपी मशीन, थर्मामीटर, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर. मधुमेह असेल तर साखरेचं मशीन. वजन महिन्यातून एकदा, किराणा दुकानाच्या मोठ्या काट्यावर केलं तरी चालतं, फक्त दर वेळी तोच काटा.

वागण्यातला जो प्रकार शब्दांत सांगता येत नाही त्याचा मिनिटभराचा व्हिडिओ घ्या: चालणं, हात थरथरणं, घास गिळताना ठसका लागणं. अंगावर कपडे नीट असू द्या. तो व्हिडिओ डॉक्टरांनाच जाईल, नातेवाइकांच्या ग्रुपवर नाही. आमच्या एका चुलतभावाने दादांचा गोठ्यातला व्हिडिओ हसू येतं म्हणून पुढे पाठवला होता. अजून त्याच्याशी मी धड बोलत नाही.

कॉलच्या दिवशी

आमच्या घरात रेंज येते ती माळवदावर. शिडी चढून आपण जाऊ, ८६ वर्षांचं माणूस कसं जाणार? देवळाच्या पारावर रेंज चांगली आहे, पण तिथे डॉक्टरांच्या आधी चार जण सल्ला देतात. शेवटी एका रविवारी मी मोबाइल हातात धरून घरभर फिरलो, ओसरीच्या उत्तरेकडच्या खांबाजवळ दोन काड्या सापडल्या. तिथे कोळशाने खूण केली आहे. तुम्हीही अशी जागा आधी शोधून ठेवा. नाहीच सापडली तर उपकेंद्रात जा, किंवा व्हिडिओ आधी पाठवून साध्या फोनवर बोला. चित्र अडकत-अडकत चालण्यापेक्षा आवाज स्वच्छ असलेला बरा.

वेळ सकाळची मागा. दिवस मावळायला लागला की या आजारात बेचैनी वाढते. माणूस आपल्याच घरात बसून "मला घरी न्या" म्हणतो. त्या वेळी कॉल घेतला तर डॉक्टरांना वेगळंच माणूस दिसतं. लाइट जाण्याचं वेळापत्रक बघून आदल्या रात्रीच मोबाइल चार्ज करा.

बसवताना उजेड तोंडावर पडू द्या, दाराकडे पाठ करून बसवलं तर डॉक्टरांना नुसती काळी सावली दिसते. मोबाइल हातात धरू नका, हात हलतो. आम्ही तो ज्वारीच्या डब्याला तांब्याच्या आधाराने टेकवतो. टीव्ही बंद, पंखा हळू. चष्मा, कवळी, कानाचं यंत्र जागेवर आहे का बघा. कॉलच्या आधी लघवीला नेऊन आणा, नाहीतर मधेच उठणार. नाडी, बीपी कॉलच्या अर्धा तास आधी मोजून वहीत.

पडद्यातल्या माणसाशी बोलणं त्यांना उमगत नाही. दादा पहिल्यांदा मोबाइलच्या मागे हात घालून बघायचे, "ह्या डबड्यात कोन बसलाय?" जबरदस्ती करू नका. "दवाखान्यातले साहेब हायेत, तुमची खुशाली विचारत्यात" असं सांगून शेजारी बसा, हात हातात घ्या. डॉक्टरांनी विचारलेला प्रश्न तुम्ही त्यांच्या बोलीत परत विचारा, पण उत्तर तुम्ही देऊ नका. "आठवत नाही का दादा, मी सांगितलं होतं ना?" हे तर मुळीच नको. कॉल संपला की दादा दर वेळी डॉक्टरांना सांगतात, "जेवून जा, भाकरी टाकायलीय." त्यावर हसू नका, साहेब बरं म्हणतात.

दोन-तीन मिनिटांनी कंटाळले तर त्यांना उठू द्या. उरलेलं तुम्ही बोला, आणि ते ऐकत असतील तिथे बोलू नका. आपल्याबद्दल कुणी तक्रार करतंय एवढं त्यांना कळतं.

फोन ठेवण्याआधी हे विचारून घ्या: कोणती गोळी नवीन, कोणती बंद, किती दिवस, काय झालं तर थांबवायची, आणि पुढचा कॉल कधी. मग डॉक्टरांना परत वाचून दाखवा. एकदा भावाने "अर्धी गोळी दोनदा" हे "दोन गोळ्या" असं ऐकलं होतं. वाचून दाखवलं म्हणून वाचलो.

औषधं: अपेक्षा कमी ठेवा, लक्ष जास्त

अल्झायमरमध्ये साधारण डोनेपेझिल देतात. सुरुवात बहुधा ५ मिलिग्रॅमने होते आणि सोसलं तर चार ते सहा आठवड्यांनी १०. पुढच्या टप्प्यात मेमँटिन. या गोळ्या आजार मुळापासून काढत नाहीत. काही जणांची घसरण काही काळ मंदावते, काहींना फरक पडत नाही. डोनेपेझिलने मळमळ, जुलाब होऊ शकतात, नाडी मंद होऊ शकते. म्हणून वहीत नाडीचा आकडा. ती ५० च्या आसपास आली किंवा चक्कर आली तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. रात्री वाईट स्वप्नं पडत असतील तर गोळी सकाळी द्यायला डॉक्टर सांगू शकतात, विचारून बघा.

भास होतात, मारायला धावतात, तेव्हा कधी कधी क्विटिआपिन, रिस्पेरिडोन यांसारखी औषधं लिहिली जातात. स्मृतिभ्रंशाच्या वयस्क रुग्णांत या जातीच्या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ सालीच दिला आहे. गरज पडली तर डॉक्टर देतील, थोड्या मात्रेत, थोड्या दिवसांसाठी. पण "मागच्या वेळची गोळी अजून दोन महिने चालू ठेवली" हे आपल्याकडे फार होतं. प्रत्येक कॉलला विचारा: ही आता बंद करायची का?

मेडिकलवाल्याने आपल्या मनाने दिलेली झोपेची गोळी, सर्दीची गुंगी आणणारी गोळी, शेजारणीच्या डब्यातली गोळी, सगळ्याला नाही. अशा औषधांनी गोंधळ वाढतो, माणूस पडतो. जुन्या पाकिटांची पिशवी एकदा डॉक्टरांना कॅमेऱ्यासमोर दाखवा. आमच्या पिशवीत पाच वर्षांपूर्वीच्या, आता मुदत संपलेल्या गोळ्या निघाल्या आणि त्यातल्या दोन दादा अजून घेत होते.

आणि हो, महिन्याभरात स्मरणशक्ती परत आणतो म्हणून तेल, चूर्ण विकणारे फोन येतील. आधी पैसे, मग ओटीपी मागतील. दोन्ही देऊ नका.

फोन बाजूला ठेवायची वेळ

स्मृतिभ्रंश महिन्या-महिन्याने वाढतो. काल जेवत-बोलत असलेलं माणूस आज ओळखेना, गुंगीत पडून राहिलं किंवा भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या, तर तो आजार वाढलेला नाही. आत दुसरं काहीतरी बिघडलं आहे: लघवीत जंतू, छातीत कफ, पोट साचलेलं, साखर उतरलेली, अंगातलं पाणी कमी झालेलं. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, म्हातारं माणूस तहान लागली हे सांगत नाही आणि दोन दिवसांत सुकून जातं. उन्हाळ्यात पाणी मागायची वाट बघू नका, तासा-तासाला घोट द्या. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर किती पाणी चालेल ते मात्र विचारून ठेवा.

असा अचानक बदल झाला की त्याच दिवशी प्रत्यक्ष दवाखाना. तोंड वाकडं होणं, एक हात-पाय लुळा पडणं, बोबडं बोलणं दिसलं तर एक क्षणही नाही: १०८ लावा आणि लक्षण कधी सुरू झालं ती वेळ लिहून घ्या. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि आमच्या डोंगरातून स्कॅनच्या मशीनपर्यंत पोहोचायलाच त्यातला मोठा भाग जातो. डोक्यावर पडणं, फिट येणं, छातीत दुखणं, धाप, दिवसभर लघवी न होणं, घोटही न गिळता येणं, यांतलं काही झालं तरी व्हिडिओ कॉलची वाट बघत बसायचं नाही.

घराकडे एकदा नजर टाका

एका कॉलला डॉक्टरांना मोबाइल फिरवून घर दाखवा. आमच्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत जे पाहिलं ते आम्हाला वर्षभर दिसलं नव्हतं. मोरीत धरायला दांडा नाही, उंबरा उंच, खाटेपासून संडासापर्यंत रात्री दिवा नाही. आणि ओसरीच्या कोनाड्यात फवारणीच्या औषधाची बाटली, शेजारी दादांचं खोकल्याचं औषध. बाटल्या एकसारख्या. कीटकनाशकं त्याच दिवशी कुलपात गेली. कठडा नसलेली विहीर आणि शेततळं यांच्या वाटेला काटेरी फांद्या लावल्या.

दादा पहाटे वावराकडे निघतात. अडवलं की हात उगारतात, म्हणून आम्ही अडवत नाही, सोबत चालतो आणि वडापासून फिरवून आणतो. बंडीच्या आतल्या खिशावर वहिनींनी भावाचा नंबर दोऱ्याने शिवला आहे. चहाच्या टपरीवाल्याला, एसटीच्या थांब्यावर बसणाऱ्यांना सांगून ठेवलं आहे. लपवण्याने काही साधत नाही. गावाला माहीत असलं तर गाव माणूस घरी आणून सोडतं.

मी दादांना दोन महिने ठेवायचं म्हणून वाळूजला आणून बघितलं. तिसऱ्या मजल्यावर त्यांना ना दिशा कळे, ना वार. दहाव्या दिवशी त्यांनी गॅलरीत लघवी केली आणि त्यांचं त्यांनाच रडू आलं. परत नेलं.

कोयता निघाला की

आमच्याकडचा खरा पेच हा आहे. दिवाळी झाली की गाव रिकामं होतं. भाऊ-वहिनी ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेले असतात, जावंच लागतं, आणि नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, त्यामुळे बाई मागे राहिली तर कोयता अर्धा. चार-पाच महिने म्हातारं माणूस ज्याच्या हाती राहतं त्याला आजाराची काहीच माहिती नसते. आमच्याकडे आत्या येऊन राहते. पहिल्या हंगामात तिला आम्ही फक्त गोळ्यांची पिशवी दिली आणि गेलो. आठ दिवसांत तिने अर्ध्या गोळ्या बंद केल्या, "इतकं इख कशाला पाजायचं" म्हणून.

आता गाडी निघायच्या पंधरा दिवस आधी एक कॉल फक्त आत्यासाठी असतो. डॉक्टर तिच्याशी बोलतात, कोणती गोळी कशाला ते तिच्या शब्दांत सांगतात. गोळ्या सकाळ-रात्र अशा दोन वेगळ्या रंगांच्या डब्यांत, कारण आत्याला वाचता येत नाही. तीन दिवस ती वहिनींसोबत सगळं हाताने करते: आंघोळ, भाकरी, बीपीचं मशीन. नोंदणीचा नंबर बदलून तिचा दिला जातो. औषध दोन महिन्यांचं भरून ठेवतो, तालुक्याला ते नेहमी मिळतंच असं नाही. आशाताईंना आत्याचा नंबर, आत्याला आशाताईंचा.

वहिनी तिकडून दर रविवारी फोन करतात. कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीवर, रेंज नसते, वाढ्याची (उसाच्या हिरव्या शेंड्यांची) मोळी घेऊन बाजारात आल्या की लावतात. पुतणी वही वाचून दाखवते. गेल्या हंगामात एका रविवारी ती वाचत होती, "संडास चार दिवस नाही," आणि तिकडून वहिनी ओरडल्या, "अगं आत्याला म्हन, दुधात तूप घालून दे म्हनावं, आन् उद्या सकाळी साहेबास्नी फोन लाव, मी बी जोडले जाते." सोमवारी साडेनऊला चौघेजण कॉलवर होतो: डॉक्टर, उसाच्या फडातून वहिनी, कंपनीच्या गेटबाहेर मी, आणि ओसरीच्या उत्तरेकडच्या खांबाला टेकून दादा.